ओ दोनदा

शरणपूर रोडला झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सुवार्ता साळवे मॅडम फळ्यावर लिहितात आजचं विशेषण :
ऑब्सीक्विअस.
क्यूपाशी खडू तुटतो.
आम्ही अकरा जण उतरवून घेतो,
एक्कावन्न वर्षांचा मी, आणि बाकी पोरंपोरी
ज्यांना कॅनडा कॉर्नरवरून थेट कॅनडाला जायचंय.

जो जरा जास्तच हो म्हणतो, मॅडम सांगतात,
वाकून म्हणतो,
कुणी विचारायच्या आधीच म्हणतो.
मराठीत काय मग, मागून शर्वरी विचारते
आणि वर्गाला जोर चढतो.
होयबा. लाळघोट्या. हांजी हांजी करणारा.
नंदीबैल, मी म्हणतो,
माझ्यावर सगळ्यात जास्त हसतात.

ही नामं झाली, बस्ते, मॅडम म्हणतात.
नाम म्हणजे दुसरा कुणीतरी.
विशेषण कुणालाही लागतं.
मूळ लॅटिन, अर्थ : मागोमाग जाणे.

मी अक्षरं सुटी करून लिहितो, शाळेपासूनची खोड.
एन नाहीये त्यात.
कशीही उलटसुलट करा, नो तयार होत नाही.
ओ मात्र दोनदा.
आईच्या हाकेला द्यायचो तशी,
एक अंगणातून
आणि एक, ऐकू गेली नसेल म्हणून, दारात येऊन.

ड्रॉइंगवर साडेबारा होतं.
केळुस्कर साहेब म्हणाले, बारा.
अंबडच्या त्या काचेच्या केबिनमध्ये एसी इतका गार
की चहावर लगेच साय धरते.
तौसीफ म्हणाला, नाही सर, साडेबारा.
आठ महिने झाले होते त्याला लागून.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
व्हर्निअर माझ्याच खिशात होता.
बारा, सर, मी म्हणालो. बाराच.

तीन हजार ब्रॅकेट पुण्याहून परत आले.
रजिस्टरात कुणाचं तरी नाव टाका, साहेब म्हणाले.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.
तौ ची मात्रा मी नीट काढली.

क्लास सुटल्यावर हिरावाडीची रिक्षा न धरता
मी रामकुंडापाशी उतरलो, कपालेश्वराच्या पायऱ्या चढलो.
गुडघा दुखतो हल्ली.
लहानपणापासून येतोय, ठाऊक आहे,
इथं महादेवासमोर नंदी नाही.
त्यानंच म्हणे देवाला सांगितलं होतं,
पाप झालंय तुमच्या हातून, चला माझ्यामागं,
आणि पुढं नंदी, मागं देव, असे आले गोदेपर्यंत.
मग देवच म्हणाला, आता तू माझ्यासमोर बसायचं नाहीस.
एवढी गोष्ट ऐकलेली,
पण बाहेर पडताना दर वेळी
माझा हात सवयीनं रिकाम्या जागेकडे जातो,
दोन शिंगांमधून बघायला.

आज हात खिशात ठेवला.
तिथं व्हर्निअर. घरी आणायचा नसतो, आणला.

खाली कुंडाच्या कठड्यावर बसून फोन लावला.
द्वारकेजवळ कुशनच्या दुकानात असतो आता, ऐकलं होतं.
बोला बस्ते साहेब, म्हणाला. नंबर पुसला नव्हता.
मी नवा शब्द घोकून ठेवला होता,
वाटलं होतं शब्दानं सुरुवात सोपी जाईल.
क्यूपाशी अडकलो.
पलीकडं शिलाई मशीन चालू होतं, थांबलं.

हो, मी म्हणालो.
काय हो?
साडेबाराच होतं.

बराच वेळ नुसते ट्रकचे हॉर्न.
तिकडं कुणीतरी हाक मारली, ए तौसीफ,
मग पुन्हा, ए तौसीफ.
त्यानं ओ दिली नाही.
फोनही ठेवला नाही.